आईचं पान

खोटं वाटलं तर वाटू दे. पण ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि थापा मारणं त्याला जन्मात जमलं नाही. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार, त्याचंच घर, त्याचाच कॉम्प्युटर. भुतांना रात्रच लागते हे कोणी ठरवलं कोण जाणे.

वहिनी त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली होती. तो रडला नाही. जेवायचा, झोपायचा, काम करायचा. आतून सगळं बधिर.

वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदा. लेकीला ज्या शाळेत घालायचं होतं, तिचा प्रवेशाचा फॉर्मही त्यानेच बनवलेला. त्यात चार पानं. मूल, वडील, आई, शेवट. चारही एकाच जागी असतात, दिसतं मात्र एकच. कोणतं दिसायचं ते बटणाला दिलेला हुकूम ठरवतो. 'आई हयात नाही' अशी खूण केली, की 'पुढे' दाबल्यावर आईचं पान गाळून थेट शेवटी जायचं. हे त्यानेच लिहिलं होतं, त्यानेच तपासलं होतं.

त्या दुपारी तो लेकीचा फॉर्म भरायला बसला. मुदतीचा शेवटचा दिवस. खूण केली. 'पुढे' दाबलं.

आणि...

आईचं पान उघडलं.

मागे गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच पान.

कोड उघडून पाहिला. हुकूम बरोबर होता.

पान कोरं होतं. तळाशी एक प्रश्न होता, मुलीला शाळेतून कोण नेणार? तिथे टिक होती...

'आई'.

त्याने ती काढली. मागे जाऊन पुढे आला. टिक परत जागेवर.

शेजारच्या खोलीत लेक एकटीच खेळत होती. काहीतरी बोलायची. मग गप्प व्हायची... कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

घाबरायला हवं होतं, असं तो आता म्हणतो. पण आत काही हललंच नाही. फॉर्म अडला तर पोरीचं वर्ष वाया जाईल, एवढंच डोक्यात. नंतर दुरुस्त करू म्हणून त्याने तसाच पाठवून दिला. ते 'नंतर' काही उजाडलं नाही.

शाळेचा पहिला दिवस. सुटायच्या वेळी तो फाटकाशी हजर. सगळी मुलं गेली.

लेक आलीच नाही...

बाई म्हणाल्या, "तिला तर तिची आई घेऊन गेली. फॉर्मवर तसंच आहे ना?"

तो धावत घरी आला. दाराला कुलूप. किल्ली त्याच्या खिशात.

आत लेक बसली होती. बूट काढलेले, तोंड धुतलेलं, वेणी नव्याने घातलेली.

ती म्हणाली, "बाबा, आई म्हणाली, आज घरापर्यंतच. पुढच्या वेळी तिच्याकडे जायचं."

त्याने दुसऱ्याच दिवशी शाळेला लेखी दिलं, फॉर्म बदलून घेतला. तेव्हापासून तो शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी जाऊन उभा राहतो. इतर आयाबाया हसतात. भीती वाटते का, मी विचारलं. काहीच वाटत नाही म्हणाला.

लेक रोज बाहेर येते ती एक हात वर धरून, मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा. बाबा दिसला की तो हात खाली सोडते.

परवा मी त्याच्यासोबत होतो.

तिने आम्हाला पाहिलं... आणि हात सोडला नाही.