पूर्वाश्रमीची

मेलेल्या लेखकांशी बोलण्यात आता कुणाला नवल वाटत नव्हतं. ग्रंथसूचीत एका नावाखाली जमलेलं सगळं लिखाण यंत्र वाचून काढी आणि त्यातून त्या माणसाची ‘बोलनोंद’ तयार करी. त्याच्याच शब्दांची, त्याच्याच खोडींची. यंत्राच्या लेखी एक नाव म्हणजे एक माणूस.

हेमांगीचं घोडं तिथंच अडलं होतं.

“तुमच्या आईच्या दोन बोलनोंदी आहेत,” सूचीकेंद्राच्या डॉ. फरीदा मुजावर म्हणाल्या. “सुनेत्रा असनारे, पाककृतीवाल्या. आणि वत्सला पेंढारकर, कविता लिहिणाऱ्या.”

“अहो, एकच बाई ती! लग्नात बाबांनी तांदळात नवं नाव लिहिलं.”

“यंत्राला आमंत्रण नव्हतं ना. आता ‘एकनामी’ लागू झाली. एका माणसाची एकच नोंद, शेवटच्या नावाची. आज जोडली नाही, तर जुनी पुसली जाणार. जोडली, तर दोघींचं सगळं एकीला आठवेल.”

“मग जोडा की!”

“सुनेत्राबाई हो म्हणाल्यात. या दुसऱ्या बाईंना तुम्हीच विचारा.”

डॉक्टरांनी यंत्राचा कॅमेरा हेमांगीकडे वळवून दुसरी नोंद सुरू केली. सुनेत्राशी हेमांगी रोज बोलायची. हा आवाज मात्र तिनं कधी ऐकला नव्हता, मोठा, हसरा.

“कोण गं तू? नाक तर थेट माझ्या आईचं!”

“मी… तुमची मुलगी.”

“आईला अहो-जाहो? बरं वळण लावलंय मी!”

हेमांगीनं सगळं सांगितलं. लग्न, नवं नाव, आज नोंदी जोडायच्या आहेत ते, मसाल्यांच्या पुस्तकाच्या आवृत्त्या.

“आणि कविता?”

हेमांगीनं नकारार्थी मान हलवली.

“एकही नाही?”

“नाही.”

पलीकडचं हसू थांबलं. “मग नको जोडू. पुसू दे.”

“आई, अगं, तू राहणारच नाहीस!”

“तुझ्यावर राग नाही गं, बाळा. पण सुनेत्रा व्हायचंय का, हे मला तेव्हा कुणी विचारलं नसणार. आज तू विचारलंस. नाही व्हायचं.”

डॉक्टरांनी आवाज बंद केला. त्या हेमांगीकडे न बघता म्हणाल्या, “नोंद नाही म्हणाली, तरी वारसाचं हो चालतं. कायदा तसा आहे.”

ते हसू गमवायचं? आत्ताच तर भेटलं होतं. हेमांगीनं हो म्हटलं.

जरा वेळानं ओळखीचा, मऊ आवाज आला. “हेमा, जेवलीस का?”

“आई!” हेमांगी रडतच हसली.

“तू विचारलंस,” आई तशाच मायेनं म्हणाली, “आणि मी नाही म्हटलं होतं. आठवतंय मला.”