ही गाडी घेऊ नका

"ही गाडी घेऊ नका."

दीपमाला दचकली. लाल गाडीच्या बोनेटवरचा हात तिने चटकन मागे घेतला. आत कुणी बसलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. डाव्या सीटवर, काच खाली करून, पस्तिशीचा एक माणूस बसला होता. चेहरा सावळा, दाढी दोन-तीन दिवसांची, आणि डोळे... डोळे फार जागरण झाल्यासारखे.

डिसेंबरातला रविवार होता. नशिराबादजवळ हायवेला लागून सुकदेवभाऊंचं जुन्या गाड्या विकायचं मैदान होतं. दीपमाला आली होती पांढरी ऑटोमॅटिक गाडी बघायला. हॉस्पिटलातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. बाईमाणसाला ऑटोमॅटिक बरी, रोज जळगाव-धुळे करायचं तर क्लचची कटकट कशाला! पण त्या पांढऱ्या गाडीकडे जाता जाता तिचे पाय या छोट्या, बुटक्या, लाल गाडीपाशी थबकले होते.

"का घेऊ नको?" तिने विचारलं.

"सस्पेन्शन कडक आहे. खड्डा आला की पाठीला कळतो. गतिरोधकावर पोट घासतं. मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. जोरात चालवली की पेट्रोल पिते, आणि हिला हळू चालवावंसं वाटत नाही. सहा गिअर आहेत, सगळे हातानेच टाकायचे. रोज शंभर किलोमीटर गेलात तर डावा पाय बोलायला लागेल."

"तुम्ही सुकदेवभाऊंकडे कामाला आहात?"

"नाही. गाडी माझी आहे."

दीपमाला हसली. "मग तुम्हाला ती विकायचीच नाही."

त्याने काच वर केली. दार उघडून उतरू लागला. आधी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवलेला डावा पाय, मग एक काठी, मग उजवा पाय. डाव्या पोटरीपासून टाचेपर्यंत पट्टा बांधलेला होता. दीपमालाचं हसू ओठांवरच विरलं. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो... एवढं तिला कळत होतं.

"माफ करा," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला माफी मागता? केळीच्या ट्रॉलीने मागावी. फैजपूरच्या रस्त्यावर उभ्या माणसावर रिव्हर्स आली." तो काठीवर भार देत सरळ झाला. "मी राजदीप. धुळ्याचा."

"मी दीपमाला. राहते जळगावला, नोकरी धुळ्यात. हॉस्पिटलमध्ये लहान मुलांचे कान तपासते."

"धुळ्यात?" त्याचा चेहरा एकदम पडला. "मग तर अजिबात घेऊ नका. धुळ्यात विकली तर रोज समोरून जाईल म्हणून इतक्या लांब आणून लावली मी."

एवढं बोलून तो एसटीच्या थांब्याकडे निघाला. काठी, पाय, काठी, पाय. दीपमाला बघत राहिली. मग सुकदेवभाऊंना म्हणाली, "भाऊ, ही लाल गाडी आठवडाभर कुणाला देऊ नका."

तीन वर्षांपूर्वी दीपमालाचा नवरा, रविंद्र, डेंग्यूने गेला होता. ती पुण्यात प्रशिक्षणाला असताना त्याला ताप भरला. ती पोहोचली तेव्हा तो आयसीयूच्या काचेपलीकडे होता, आणि काचेपलीकडूनच गेला. तेव्हापासून घरात दोघीच. ती आणि सासू, द्रौपदाबाई. माहेरी चल म्हणून भाऊ न्यायला आला होता. पण पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावताना द्रौपदाबाईंचा थरथरणारा हात तिने पाहिला, आणि बॅग परत कपाटात ठेवली. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, खिडकीतून पाळधी, एरंडोल, पारोळा. रोज तेच. आणि रोज त्या खिडकीत, शेतांच्या वर तरंगत, ती काच...

पुढच्या रविवारी ती मैदानात गेली, तर राजदीप आधीच हजर.

"सुकदेवभाऊंनी फोन केला," तो जरा रागानेच म्हणाला. "म्हणे, मॅडम ऐकत नाहीत. आता घेणारच असाल तर नीट शिकून घ्या. असं गिअरबॉक्स रडवून चालणार नाही."

"मला येते गाडी."

"ते बघूच."

पहिल्याच चौकात तिने दोनदा गाडी बंद पाडली. मागून ट्रकने हॉर्न लावला. तिला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने नुसतं डॅशबोर्डवर बोट टेकवलं. "आकडे बघू नका. ऐका. ती सांगते गिअर कधी बदलायचा."

ऐकायचं? ते तर तिचं कामच होतं. दीपमालाने श्वास रोखला. इंजिनाचा सूर चढत गेला, चढला, आणि एका जागी जरासा ताणला गेला. तिथेच तिने क्लच दाबला, तिसरा टाकला. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. गिरणेच्या पुलावर चौथा, पुलापलीकडे पाचवा. राजदीपने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती," तो हळूच म्हणाला.

"मास्तर बरे नसतील."

"आणि आता?"

"आताचे... ठीक आहेत. जरा चिडके आहेत."

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांतलं जागरण पार निघून गेलं, आणि दीपमालाने घाईघाईने नजर रस्त्यावर वळवली. कानशिलं उगाच गरम झाली होती.

मग रविवार येत गेले. कधी एरंडोलपर्यंत, कधी पारोळ्यापर्यंत. थंडीचे दिवस. शेतांच्या बांधांवर काड्या पेटवून वांगी भाजत, आणि तो धुरकट, खरपूस वास काचेतून आत येई. एकदा राजदीपच्या एका ओळखीच्याने दोघांना बोलावून भरीत-भाकरी वाढली. ठेचा लागून दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर राजदीपने आपल्या ताटातला गूळ तिच्या ताटात ठेवला. तो पूर्वी घाटातल्या शर्यतींत ही गाडी चालवायचा, हे तिला तिथे कळलं. त्याने स्वतः सांगितलं नव्हतं.

"ऑटोमॅटिक तर चालवू शकता तुम्ही," परतताना ती म्हणाली. "त्याला डावा पाय लागत नाही."

"लागत नाही." तो बाहेर बघत राहिला. "माझी बहीण मेघा पण तेच म्हणते. पण मला वाटतं, तिच्यात बसलो म्हणजे मान्य केलं... की हा पाय आता असाच."

यावर दीपमालाने नुसता गिअर बदलला. दिलासा देण्यासाठी लोक जे जे बोलतात ते सगळं तिने तीन वर्षं ऐकलं होतं. ते कुणाला देण्याजोगं नाही, हे तिला ठाऊक होतं.

जानेवारीच्या शेवटी ती पद्मालयाच्या फाट्याला वळली. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना पानगळीचं रान, ऊन कोवळं. तिने गाडी थांबवली, आणि गिअरच्या दांड्यावरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

"तुम्ही टाका," ती म्हणाली.

"काय?"

"गिअर. तुमचा उजवा हात इथे पोचतो. क्लच मी दाबते. तुम्ही फक्त सांगा."

त्याने काठी मागच्या सीटवर टाकली. मग त्याचा हात पुढे आला. दांड्याच्या गोळ्यावर स्थिरावला.

"क्लच," तो म्हणाला.

तिने दाबला. पहिला पडला. पुन्हा, "क्लच." दुसरा. तिसऱ्याला दोघांचा अंदाज चुकला, गाडीने गचका खाल्ला, आणि दोघंही लहान मुलांसारखी हसली. चौथ्यापासून त्याला सांगावं लागलंच नाही. इंजिनाचा सूर ताणला जाई, तिचा पाय खाली जाई, त्याचा हात पुढे सरके. बोलणं नाही, बघणं नाही. रान मागे पळत होतं.

वळणावर ती थांबली, तेव्हा त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो पुसत नव्हता. तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. फक्त ठेवला.

त्याने आपला हात काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला.

"गाडी तुम्ही घ्या," तो म्हणाला. "मी चुकलो होतो, घेण्यासारखी आहे. पण आता मी येणार नाही."

"का?"

"मला माहीत आहे तुमचं... सुकदेवभाऊंनी सांगितलं. एका माणसाचं आजारपण तुम्ही काढलंत. दुसऱ्याचं काढायला लावू? एवढा स्वार्थी मी नाही."

तिने गाडी सुरू केली. एरंडोलच्या स्थानकावर तो उतरला. काठी, पाय, काठी, पाय. एसटीत चढताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दीपमालाने गाडी घेतली. लोकांनी नाकं मुरडली. विधवा बाई, आणि लाल गाडी! शेजारच्या पुष्पाबाईंनी तर तोंडावर विचारलं, "पांढरी नव्हती का मिळत?" पण कारण तिचं तिला माहीत होतं. या गाडीत दोन्ही हात लागत, दोन्ही पाय लागत, कान लागत. सगळी दीपमाला लागे. जुन्या दिवसांना शिरायला फटच उरत नसे. पाळधी जाई, एरंडोल जाई, आणि ती काच दिसत नसे.

मात्र शेजारची सीट रिकामी होती. ती दिसे.

एका संध्याकाळी ती अंगणात गाडी लावून डोळे पुसत आतच बसून राहिली. द्रौपदाबाई बाहेर आल्या, डावं दार उघडून शेजारी बसल्या. जन्म पारोळ्याकडच्या खेड्यात गेलेला, बोलणं सगळं खानदेशी.

"दीपा, तुना डोयामा पानी कसाले शे?"

दीपमालाने सांगितलं. अडखळत, थांबत, पण सगळं सांगितलं. सांगताना तिची नजर वर होत नव्हती. ज्या आईचा मुलगा गेला, तिला हे सांगायचं...

द्रौपदाबाईंनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग तिचे.

"मना पोऱ्या गया. त्याना मांगे तू बी जाशी का?" त्या म्हणाल्या. आणि मग जरा चिडून, "तो नही म्हने, अन् तू ऐकी लिधं?"

दुसऱ्या रविवारी लाल गाडी धुळ्याला निघाली. द्रौपदाबाई हट्टाने पुढे बसल्या होत्या. खड्डा आला की "अरे बाप!" म्हणत, पण हळू चालव असं एकदाही म्हणाल्या नाहीत. गाडीच्या कागदांवरच्या पत्त्यावर, देवपुरात, एका जुन्या बैठ्या घरापुढे गाडी थांबली. त्या इंजिनाचा आवाज राजदीपने घरातूनच ओळखला असणार, कारण बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"जय भीम, आई," द्रौपदाबाईंना पाहून तो गोंधळून म्हणाला.

"जय भीम. बसाले सांगशी का, का उभंच ठेवशी?"

दोघी बसल्या. तो समोर, काठी मांडीवर घेऊन. शेवटी दीपमालाच बोलली. आवाज कापत होता, पण तिने कापू दिला.

"तुम्ही म्हणालात, मी एका माणसाचं आजारपण काढलं. नाही काढलं. मी पोचले तेव्हा तो काचेपलीकडे होता. त्याच्या कपाळावर साधी ओली पट्टीसुद्धा ठेवायला मिळाली नाही मला. त्याने ज्या हाताने शेवटी खूण केली, तो हात धरता आला नाही. मला सेवेचा कंटाळा नाही आलेला, राजदीप... मला सेवा करायचीही हौस नाही. मला शेजारी माणूस हवं आहे. काच नको."

राजदीपची मान खाली गेली होती.

"मी लवकर चिडतो," तो म्हणाला. "पाय दुखला की चार-चार दिवस बोलत नाही."

"मी तीन वर्षं बोलले नव्हते."

"लोक तुम्हाला बोलतील. हिला पुन्हा असाच मिळाला, म्हणतील."

"लोकेस्नं मी देखसू," द्रौपदाबाई मध्येच म्हणाल्या. मग त्या जराशा पुढे सरकल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ऐक बेटा. आज मी तिनी सासू नही, माय शे. अंडेरनं मागनं लई उनू."

मुलीचं मागणं घेऊन आलेली सासू! राजदीप त्यांच्याकडे बघतच राहिला. मग काठीवर भार देऊन तो उठला.

"चहा करतो," तो म्हणाला.

दीपमाला उठायला लागली, तर द्रौपदाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "बस. करू दे त्याले."

आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. काहीतरी पडलं, काहीतरी सांडलं. दीपमालाचे पाय शिवशिवत होते, पण ती बसून राहिली. मग तो आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एकच कप, बशीवर हिंदकळणारा. तो कप द्रौपदाबाईंपुढे ठेवला. पुन्हा आत गेला. पुन्हा आला. तेवढ्या अंतरात अर्धा चहा बशीत उतरला होता. तिच्यासमोर येऊन तो थांबला. कप तिच्या हातात देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर टेकली, आणि या वेळी त्याने ती काढून घेतली नाहीत.

"आता मला... अहो-जाहो करू नकोस," तो म्हणाला.

दीपमालाने बशी ओठांना लावली. एक घोट घेतला. डोळे भरून आले होते, आणि हसूही आवरत नव्हतं.

"साखर विसरलास," ती म्हणाली.