सॉकेटवरची हिरवी रेघ

भिंतीवरचा हिरवा पट्टा सॉकेटच्या प्लेटवरूनही गेला होता. रंगाऱ्याने प्लेट न काढता ब्रश तसाच ओढलेला. पण पट्ट्याची कड प्लेटवर येताच चुकत होती. प्लेटवरची रेघ भिंतीवरच्या रेघेपेक्षा दोन मिलिमीटर वर होती.

हेमांगीने टॉर्च बंद केला आणि ती गाण्याच्या यंत्रांच्या रॅकमागून बाहेर आली.

खोलीत आठ माणसं होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांवर गाद्या ठोकलेल्या, दार घट्ट लावलेलं. धुळ्यातल्या या खोलीत तिचे सासरे तोतारामनाना दर रविवारी सकाळी मित्रांना गाणी ऐकवत. लग्नानंतरची सहा वर्षं हेमांगी याच कोंडलेल्या हवेत चहाचा ट्रे घेऊन येत होती. नवरा नाशिकला नोकरीला, घरात ती आणि नाना. चोपड्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला रुजू व्हा, असं तिला पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. मुदत उद्यापर्यंत. "बघू," एवढंच नाना म्हणाले होते.

आज गाणं नव्हतं. दाराशी वायरमन अरशद मान खाली घालून उभा होता.

महिन्यापूर्वी या मित्रमंडळाने मिळून चेन्नईहून खास सॉकेटं मागवली होती. आत जाड तांब्याच्या पट्ट्या, त्याने आवाज खुलतो म्हणे. आठांपेक्षा कमी कारखाना पाठवत नव्हता. नानांनी एकेकाला गळ घालून आठ जण जमवले. आठही घरी अरशदनेच ती बसवली. गेल्या रविवारी "काय गोड आवाज शे, नाना" म्हणत फोटो स्टुडिओवाले जीवराम फोटो काढायला रॅकमागे वाकले, तर भिंतीत जुनंच सॉकेट.

"यानं नवं बसवलंच नाही," जीवराम म्हणाले. "सरळ पोलिसात जाऊ."

"आठवड्यात तीन घरांनी कामाला नको म्हणून सांगितलं," अरशद म्हणाला. "भाभी, तुम्हाला काय विचारायचं ते विचारा."

"जुनं सॉकेट काढल्यावर कुठे ठेवलंत?"

"नानांच्या हातात दिलं. काढलेला माल मी माझ्या पिशवीत टाकत नाही. अब्बांनी तशीच सवय लावलीय."

"मलाही दिलं होतं खरं," जीवराम नाइलाजाने म्हणाले.

"नाना?"

"दिलं असेल. कोण लक्षात ठेवतं?"

"जीवरामभाऊ, नवं सॉकेट तुम्ही लगेच वापरलंत?"

"छे. आधी पिकवलं. नवं तांबं कच्चं असतं, दोनशे तास वीज वाहू द्यायची. नानांनीच सांगितलं."

"मग केळीच्या वखारीत ठेवायचं ना," मागून कोणीतरी म्हणालं. मंडळी हसली. नाना हसले नाहीत.

"कशावर पिकवलंत?"

"टेबलफॅन लावून ठेवला."

"आणि तुम्ही, नाना?"

"फॅनवरच."

"घरात एकच टेबलफॅन आहे. तो महिनाभर माझ्या खोलीत आहे."

"हेमांगी, चहा टाक."

ती जागची हलली नाही.

"नवं सॉकेट बसवलं त्याच आठवड्यात पाणी तापवायचा रॉड नाहीसा झाला. भंगारात दिला म्हणालात. भंगारवाला दिवाळीपासून गल्लीत आलेला नाही."

रॅकच्या खालच्या कप्प्यात कॅसेटचा पत्र्याचा डबा होता. सहा वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. लावायचा नाही, असा नियमच होता. तिने तो ओढला. कॅसेटच्या मानाने डबा फार जड होता.

"हात लावू नको त्याला," नाना म्हणाले.

तिने झाकण उघडलं. आत नवं सॉकेट होतं, एका बाजूने वितळून काळं पडलेलं. रॉडच्या पिना त्यातच चिकटल्या होत्या.

"सॉकेटचं भोक मोठं, रॉडच्या पिना बारीक," ती शांतपणे म्हणाली. "सैल सांधा तापतो. नानांना वाटलं, रॉड फॅनपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतो, लवकर पिकेल. बादलीत रॉड लावून ठेवला आणि सॉकेट जळलं. मग त्यांनी स्वतःच जुनं परत लावलं. ते कधी निघालंच नसतं, तर प्लेटवरची हिरवी रेघ भिंतीवरच्या रेघेशी जुळली असती. ते निघालं, म्हणजे अरशदभाऊंनी नवं बसवलं होतं. आणि काढलेलं जुनं होतं फक्त नानांकडे."

"पण मग गेल्या रविवारी…" जीवराम थांबले.

"तुम्ही सगळे जुन्या सॉकेटवरच ऐकत होतात."

कोणी कोणाकडे बघेना. गोड आवाजाची आठवण प्रत्येकाला झाली असावी.

"तुम्ही वाहवा केलीत आणि नाना अडकले," हेमांगी म्हणाली. "खरं सांगावं तर आठही सॉकेटं हसण्यावारी जाणार. त्यापेक्षा अरशदभाऊंचं नाव सोपं होतं."

नानांनी डब्याचं झाकण लावलं.

"अरशद, चूक माझी," ते म्हणाले.

"ते त्या तीन घरी येऊन सांगा, नाना."

"येतो."

जीवरामांनी चपला पायात सरकवल्या. एकेक जण उठला. दार उघडलं तशी बाहेरची हवा आत आली. अरशद तिला हात जोडून शेवटी गेला.

"आता इथे कोण येणार?" नाना म्हणाले. "तू तेवढी आहेस. दार लावून घे."

हेमांगीने दार तसंच ठेवलं.

"नाना, उद्या मी चोपड्याला रुजू होतेय."