वुकाशिनचा फोन

नेट गेलं म्हणून गिऱ्हाईक बोंबलतं, तेव्हा दहातल्या नऊ वेळा मांजरीने वायर ओढलेली असते. सर्बियातल्या निश शहरात अकरा वर्षं मी हेच काम करतोय. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या रादोय्का मावशींकडे गेलो तो मांजर शोधतच.

मांजर नव्हती. मावशींनी इथल्या रिवाजाप्रमाणे चमचाभर जर्दाळूचा मुरंबा आणि पाणी पुढे केलं. नवरा वुकाशिन जाऊन चाळीस दिवस झाले होते. मुलगी यास्ना ऑस्ट्रियात. दुपारी चारला तिला कामातून वीस मिनिटं मिळायची, तेव्हा ती व्हिडिओ कॉल करायची. चाळीस दिवस तो कॉल अडकत होता.

"दिवसातून तेवढंच एक तोंड दिसतं रे मला," मावशी म्हणाल्या.

वायर धड, राउटर धड. लॅपटॉपवर जोडलेल्या फोनांची यादी उघडली. एक मावशींचा. दुसरा वुकाशिनचा, आणि तो सगळं नेट एकटाच गिळत होता.

"काकांचा फोन बंद करा की."

"तो त्याच्यापाशीच आहे. शवपेटीत."

"काय?"

"ठेवतात की सगळे काही ना काही. हाक मारावीशी वाटली तर असावा, म्हणून चालूच ठेवला."

"मावशी, दफनभूमी पाच किलोमीटरवर! आणि चाळीस दिवस कसली बॅटरी टिकते?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कोणा शेजाऱ्याचा चावटपणा असेल, असं मी मनाशी ठरवलं.

"उडवू का हा?"

"उडव. जिवंत होता तेव्हाही मला तोंड उघडू दिलं नाही मेल्याने."

उडवला. चार वाजले. मावशींच्या फोनवर यास्नाचा चेहरा लख्ख दिसला, आणि आईला बघताच उतरला.

"तू कशी काय? बाबा बोलत होते."

मावशींनी फोन तोंडाजवळ आणला.

"रोज तू अडकतेस आणि ते येतात. जोड त्यांना परत."

"अगं, मी..."

"तुझ्याशी काय बोलायचं, आई? जोड."

कॉल तुटला.

"जोड त्याला," मावशी म्हणाल्या. "आणि माझा काढ. दोघांना पुरत नाही."

मला त्यांची दया आली. खरं सांगतो, भीतीही वाटली. पण सांगितलं तसं केलं.

मावशी खुर्ची ओढून राउटरसमोर बसल्या. हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता बापलेक दोघं मला हसतायत."