उकळून उरलेलं

बाळाच्या दुधाचं पाणी निम्मं आटेपर्यंत उकळायचं, ही सासूबाईंची शिस्त. "जितकं आटेल तितकं शुद्ध," त्या म्हणायच्या. सून शिकलेली, पण तीही डोळे चोळत पातेल्यापाशी उभी राहायची. अंगावरचं दूध पुरत नव्हतं. निदान पावडरच्या दुधात तरी कसूर नको, एवढंच तिच्या मनात.

मग एका सकाळी बाळाचे ओठ जांभळट दिसले. नखंही निळी. दवाखान्यात शिरेतून औषध गेल्यावर रंग परतला.

"पाणी कुठलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बोअरचं. घरामागे शेतं आहेत."

"शेतातलं खत झिरपून नायट्रेट उतरलंय त्यात. उकळून ते जात नाही. पाणी उडून जातं, ते मागे राहतं. जितकं आटवाल तितकं दाट."

घरी येताच सासूबाईंनी पातेलं माळ्यावर टाकलं.

आता घरात पाण्याचा सीलबंद जार आला, आणि तपासणीच्या पट्ट्या. पट्टी पाण्यात बुडवायची. पांढरी राहिली तर ठीक, गुलाबी झाली तर पाणी ओतून द्यायचं. बोअरच्या नळाखाली ती गडद गुलाबी व्हायची.

"आता माझ्या ग्लासातही बुडवशील तू," नवरा म्हणाला.

"मघाशीच बुडवली."

तो हसला. रंग कुठला आला, ते तिने सांगितलं नाही.

जारमधलं पाणी तिने ओतलं की पट्टी गुलाबी व्हायची. तिने हात धुतले, पुसले, ग्लास बदलला. पुन्हा तेच. सासूबाईंना ओतायला लावलं, तर पांढरी. नवऱ्याने ओतलं, तर पांढरी. मग त्याच्या हातातला ग्लास तिने नुसता धरला. पट्टीला हळूहळू गुलाबी कड आली.

"पट्ट्या सर्दावल्या असतील," तो म्हणाला. "आणि तू दमलीयस. आरशात बघ जरा."

तिने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात त्राण हवं.

तेव्हापासून दुधाची बाटली सासूबाईंकडे गेली. सून दाराशी बसून राहायची, हात काखेत दाबून. बाळ पिता पिता मान वळवायचं.

"लबाड बघ कसं आईला शोधतंय. घे ना गं."

"नको, आई. हात ओले आहेत माझे."

"तुझे हात मेले वाळतात तरी कधी?"

एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता पलंगावरच तिचा डोळा लागला. जाग आली ती कुशीतल्या उबेने. सासूबाईंना दया आली असावी. बाळाला तिच्या शेजारी निजवून त्या बाहेर गेल्या होत्या.

ती हलली नाही. दुधाचा आंबूस वास तिने छातीभर ओढून घेतला. कधीपासून घेतला नव्हता. मग भीत भीत चेहरा पाहिला. ओठ गुलाबी. गाल गुलाबी. श्वास संथ.

म्हणजे पट्ट्याच खराब. तिचे डोळे भरून आले.

मग तिने बाळाचे हात पाहिले.

उजवा हात दुपट्यावर पसरला होता. नखं गुलाबी.

डाव्या मुठीत तिचं बोट होतं.

त्या हाताची नखं निळी होती.

तिने बोट हळूच ओढलं. झोपेतच बाळाने मूठ आणखी आवळली.