होडीच्या वयाची

"चपला काढा आधी!"

मी एवढ्या जोरात ओरडले की तो माणूस शिडीवरच थिजला. एक पाय होडीच्या काठावर, दुसरा हवेत, आणि काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं भलंमोठं रजिस्टर.

"होडीवर कुणी चपला घालून चढतं का? देवळात जाता का असे?"

"नाही... म्हणजे... चुकलं माझं," असं म्हणत तो चपला काढायला वाकला आणि तोल गेला. सावरायला त्याने जिथे हात टेकला, तिथला हिरवा रंग मी नुकताच दिला होता. हात हिरवा, बाही हिरवी, नाकाचा शेंडासुद्धा हिरवा! रजिस्टर मात्र त्याने असं उंच धरलं होतं की त्याला ठिपकाही लागला नाही. मला हसू आवरेना... आणि तोही हसला. समोरचा माणूस स्वतःवर इतका मोकळा हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

१९८९ चा श्रावण होता तो. नारळी पुनवेला आठवडा उरला होता आणि घिवलीच्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांच्या मांडवाखाली सगळ्या होड्यांची रंगरंगोटी चालली होती. आमची 'धनलक्ष्मी' रंगवायचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं. बाबांच्या मते मुलीने होडीवर समुद्रात जायचं नसतं, पण होडी रंगवायला काही हरकत नसते.

"मी वामन. गाव मासवण. बोईसरच्या शाळेत शिक्षक आहे," तो नाक पुसत म्हणाला. त्यामुळे रंग गालापर्यंत पसरला. "मतदार यादीचं काम दिलंय. घरात नवीन कुणी अठरा पूर्ण झालेलं आहे का?"

"अठरा? मत द्यायला एकवीस लागतात ना?"

"लागायची. यंदा कायदा बदलला. आता अठरा."

हे त्याने असं सांगितलं, जणू स्वतः दिल्लीला जाऊन बदलून आला होता. पण माझ्या अंगावर खरोखर काटा आला. कुठे दिल्ली, कुठे आमची घिवली! तिथे कुणाला तरी माझ्या वयाच्या पोरी आठवल्या होत्या. ब्रश तसाच हातात धरून मी उभी राहिले.

"मी आहे ना अठराची!" मी म्हटलं. "पण... कागदावर नाही."

गोष्ट अशी होती. आमच्याकडे त्या काळी जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. शाळेत घालताना गुरुजींनी मला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगितला. कान हाताला लागला, तसं त्यांनी दाखल्यावर लिहून टाकलं: १ जून १९७२. आमच्या वर्गातल्या सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला. त्या हिशेबाने मी सतराची.

"मग खरी तारीख कोणती?" वामनने विचारलं.

उत्तर आईने दिलं. आई म्हणजे साखरबाई. ती मांडवाबाहेर जाळं विणत बसली होती आणि कान आमच्याकडेच होते.

"ही होडी पाण्यात लोटली ना मास्तर, त्या दिवशी ही झाली. लोक किनाऱ्यावर नारळ फोडत व्हते नि मी घरात वरडत व्हते. कोण बघायला बी नाय आला!"

"होडीची तारीख कुठे मिळेल?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मास्तर माणूस, दाखल्यावर बोट ठेवून निघून गेला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. पण त्याला खरं काय ते हवं होतं.

नवी होडी पाण्यात जाते तो दिवस सुतार आतल्या फळीवर कोरून ठेवतो. मात्र वर्षानुवर्षं रंगावर रंग चढतात. मग आम्ही दोघं पत्र्याचे तुकडे घेऊन होडीच्या नाळेत, पुढच्या निमुळत्या टोकात, ओणवे झालो आणि रंग खरवडू लागलो. हिरवा गेला, खाली निळा आला. निळ्याखाली लाल. बाहेर एक सर येऊन गेली, झापांतून थेंब त्याच्या मानेवर टपटपत होते, पण तो हलला नाही.

"तुम्ही सगळ्यांसाठी एवढं करता?" मी विचारलं.

"नाही," तो खरवडत म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे... सगळ्यांना होडी नसते."

लालच्या खाली लाकूड लागलं. एकेक आकडा वर आला: ९-११-१९७०. त्याने बोटाने तो आकडा अलगद पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकं नवल होतं की मला लाजच वाटली. "अठरा पूर्ण," तो हळूच म्हणाला. "वर नऊ महिने."

त्याने आईचा जबाब लिहून घेतला, खाली तिचा अंगठा घेतला. वर तहसीलच्या साहेबांनी म्हणे तो वाचला, पोटभर हसले आणि सही केली.

पुढच्या महिन्याभरात वामन मास्तर तीनदा घिवलीला आले. एकदा घर क्रमांक तपासायला, एकदा छापील यादी दाखवायला. तिसऱ्यांदा मी दारातच विचारलं, "आज काय?"

"वय तपासायचं होतं."

"आठ दिवसांत किती वाढणार ते?"

"सांगता येत नाही," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "सरकारी काम आहे, खात्री करावी लागते."

त्या यादीत माझं नाव होतं. चंद्रकांता नरहरी... स्त्री... १८. बाबांच्या नावाच्या खाली, त्याच अक्षरात, तेवढ्याच जागेत. मी ते पंचवीस वेळा तरी वाचलं असेल. माझं नाव छापलेलं मी बारावीच्या निकालातही पाहिलं नव्हतं, तिथे नुसता नंबर होता.

बाबांना मात्र हे पटत नव्हतं. "अठरा वर्षांच्या पोरांना काय अक्कल? एकवीसच बरं व्हतं."

"पंधराव्या वर्षी पोरांना होडीवर घेता," मी म्हटलं. "वादळात सुकाणू त्यांच्या हातात देता. तेव्हा अक्कल लागत नाय?"

"तो समुद्र हाय. समुद्र शिकवतो."

"मग सरकार पण शिकवंल की!"

बाबा मिशीत हसले. तेव्हा मला वाटलं, जिंकले मी. माझी अक्कल कुठवर पोचते ते दसऱ्याला कळलं.

दातिवऱ्याचे चंद्रभानकाका आमच्या घरी आले. त्यांचा पुतण्या कमलाकांत. स्वतःची होडी, धट्टाकट्टा, वाईट काहीच नाही. त्याच्यासाठी काकांनी दोन वर्षांपूर्वीच मला मागणी घातली होती. बाबांना मला एवढ्यात पाठवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी शाळेचा दाखला पुढे केला होता. 'कागद पंधरा म्हणतो. अठरा झाली की देईन, हा माझा शब्द.' त्या दाखल्याच्या आडोशाला मी दोन वर्षं सुखात होते आणि मला पत्ताही नव्हता. आता यादी चावडीवर लागली होती, ती चंद्रभानकाकांच्याही कानावर गेली.

"अठरा झाली ना आता?" काका म्हणाले. "सरकारनंच छापलंय. तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तूच गावभर सांगत फिरलीस ना पोरी?" एवढंच म्हणाले. होडी चालवणाऱ्या तांडेलाचा शब्द गेला तर किनाऱ्यावर तोंड दाखवायला जागा राहत नाही. रविवारी या, बोलणी करू, असं ठरलं.

निवडणूक नोव्हेंबरच्या शेवटी होती. तोवर मी दातिवऱ्याला, माझं नाव घिवलीच्या यादीत... आणि वामन? त्याचं नाव तर मी कुणापुढे उच्चारलंही नव्हतं. ते डोंगराकडचे, आम्ही किनाऱ्याचे. अशी सोयरीक आमच्यात कुणी ऐकली नव्हती.

शनिवारी बोईसरच्या एसटी स्टँडवर मी त्याला गाठलं आणि सगळं एका दमात सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "पण... उपाय आहे. मी लिहून देतो की माझी नोंद चुकली. नाव कमी होईल. दाखला खरा धरतील, तुम्ही पुन्हा सतराच्या. जूनपर्यंत लग्न टळेल."

"आणि तुमचं काय होईल?"

"होईल ते होईल. नोटीस येईल एखादी." त्याने मान खाली घातली. "चंद्रकांता, मला तुम्ही दातिवऱ्याला जायला नको आहात. मी... हे आधीच बोलायला हवं होतं."

किती सोपं होतं ते! एक अर्ज, आणि मी पुन्हा लहान. पण मला लाकडातला तो आकडा आठवला. जन्मल्यापासून पहिल्यांदा माझं काहीतरी खरं लिहिलं गेलं होतं.

"नको," मी म्हटलं. "खोटं सतराचं होऊन वाचायचं नाही मला. अठराच राहू दे."

"मग काय करणार?"

"माहीत नाही..." मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. "पण तुम्ही आता बोललात ते पुसू नका."

रविवारी ओटीवर सगळे बसले. चहा झाला. चंद्रभानकाकांनी पंचांग काढलं. मी रिकामे कप उचलायला बाहेर आले आणि माझे पाय तिथेच थांबले.

"काका, मला एक विचारायचं हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. आमच्याकडे बोलणीच्या वेळी मुलगी बोलत नाही. आईचा हात तोंडावर गेला.

"मी अठराची झाले म्हणून तुमी आलात ना?"

"तर काय!"

"त्याच अठरा वर्षांवर सरकार मला विचारतंय, दिल्लीत कोण बसावं. मला! आणि माझ्या घरात कोण बसावं, ते मला कोण नाय विचारत?" मी हातातला कप खाली ठेवला. "तुमचा पुतण्या वाईट नाय, काका. पण मला नाय करायचं लगीन त्याच्याशी. बाबांनी शब्द दिला तो अठराच्या पोरीचा. अठराची पोर ही अशी बोलते."

माझं मलाच आश्चर्य वाटत होतं... हे सगळं माझ्या तोंडून आलं होतं? चंद्रभानकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे. शेवटी काकांनी पंचांग मिटलं.

"नरहरी," ते उठत म्हणाले, "तुझा शब्द तू मोडला नाय, पोरीनं परत केला. मी गावात तसंच सांगतो." माणूस मोठा होता. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मतदानाच्या दिवशीही आम्ही शाळेपर्यंत न बोलताच चालत गेलो. वामनची ड्युटी लागली होती ती नेमकी दातिवऱ्याला! कमलाकांतच्या बोटाला शाई तोच लावत असणार, या विचाराने मला रांगेत हसू फुटलं. पण आत पाऊल टाकलं आणि हसू विरलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी, हातात कागद आणि लाकडी शिक्का. माझ्यापुढे बाबा मत देऊन गेले होते, त्यांच्यापुढे कातकरी पाड्यावरची नवसी. सगळ्यांना एवढाच कागद. एवढाच शिक्का. मी शिक्का दाबला, घडी घातली, पेटीच्या फटीत सोडली. खाली पडल्याचा आवाजही आला नाही आणि तरी माझे डोळे भरून आले.

बाहेर बाबा सुरूच्या झाडाखाली थांबले होते.

"कोणाला दिलंस?"

"गुपित असतं बाबा ते."

"हं." ते समुद्राकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि... नवरा कोण पायजे तुला? ते बी गुपित हाय?"

आयुष्यभर बाबांनी वाऱ्याला विचारलं होतं, भरतीला विचारलं होतं. घरात कुणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मासवणचे... वामन मास्तर."

"डोंगरातला?" बाबांच्या भुवया वर गेल्या. "पोहता येतं त्याला?"

"सूर्या नदीत पोहतात म्हणे."

"नदीत!" बाबांनी असा सुस्कारा सोडला, जणू याहून मोठं व्यंग नसेल. चार पावलं चालले. "बोलाव त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. निवडणुकीच्या जागरणाने डोळे लाल, शर्टावर शाईचे डाग. बाबांनी त्याला ओटीवर बसवलं, मला समोर बोलावलं.

"मास्तर, हिनं तुमचं नाव घेतलंय. तुमच्या घरचे, आमचे जातवाले, लय जण बोलतील. ते मी बघून घेईन. पण आधी तुमी सांगा. हिला इचारलं, तसं तुमाला बी इचारतोय."

वामनने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडून एकदम गावची बोली निघाली. मुलांना दिवसभर शिकवणारा माणूस, शुद्ध बोलणारा!

"हाय," तो म्हणाला. "म्हंजे... हो. मना बी... ही पायजे."

आई आत फिसकन हसली. बाबाही हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याच्याकडे बघत नुसती उभी राहिले. दोघांनाही विचारलं गेलं होतं, आणि आम्ही दोघांनीही हो म्हटलं होतं.