वळणावरचा सैल टाका

गोष्ट अठ्ठावन्न सालची. तिरुवल्लिकेणीच्या देवळामागच्या गल्लीत भवानीच्या घरी झाकण्याजोगं काही उरलं नव्हतं. रेडिओवर झालर, तांब्यावर मण्यांची जाळी, खुर्च्यांच्या पाठींवर रुमाल, दाराला तोरण, आणि नवऱ्याच्या पानाच्या डब्यालासुद्धा अंगरखा. सगळं क्रोशाचं, सगळं तिच्या हातचं. राघोत्तमराव एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. ते आल्यागेल्याला सांगत, "मी फार वेळ एके जागीं बसत नाहीं. नाहीं तर ही मलाही झालर लावील."

ही विद्या तिला आईनं दिली होती, तंजावरला, मागच्या अंगणात पारिजातकाखाली बसवून. भवानीच्या हाताला एकच खोड होती. ओळ संपवून वळताना तिचा पहिला टाका सैल पडायचा. पडला की आई मनगटाच्या वर बारीक चिमटा काढायची. आई गेली, खोड राहिली. दोरा धरून धरून डाव्या तर्जनीवर एक चीर पडली होती, आणि भाजीवाल्याला वांगी दाखवतानाही भवानी मुद्दाम तेच बोट पुढे करायची.

तिला मूल नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. पण नवरात्रात मराठी बायकांच्या मंडळात कोलू मांडला जाई, म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या काठाला दरसाल भवानीची झालर लागे. बायका आधी झालर बघत, मग बाहुल्या. वर्षभरात एवढी एकच गोष्ट खास तिची होती, आणि ती तिला पुरत होती.

उन्हाळ्यात माडीवर त्रिपुरसुंदरी बिऱ्हाड करून आली. आपल्यातलीच मराठी, कुंभकोणमची, वयानं लहान, नवरा कायम फिरतीवर. भवानी ओळख करून घ्यायला वर गेली, आणि उंबऱ्यातच थबकली. समुद्राच्या वाऱ्यानं खिडकीतला क्रोशाचा पडदा हलत होता. असली वीण भवानीनं मनातल्या मनात पुष्कळदा विणली होती, सुईवर कधी उतरली नव्हती.

"हें कुणी केलें गे?"

"मीच की, अक्का. बसा, कापी देतें."

भवानी जळली. त्याला दुसरा शब्द नाही. कॉफीचा पेला घेताना तिनं सुंदरीचं बोट पाहिलं. गुळगुळीत होतं, ना चीर, ना घट्टा. एवढं काम करणाऱ्या बाईचं बोट असं कोरं कसं? निघताना तिनं पडद्याचा काठ सहज चाळवल्यासारखा चाळवला. प्रत्येक ओळीच्या वळणावर पहिला टाका सैल होता.

हात म्हणजे अक्षर असतं. दहा जणींनी एकच फूल विणलं तरी कुठलं कुणाचं ते जाणतीला कळतं. हा पडदा भवानीच्या हातचा होता, आणि तो तिनं केलेला नव्हता.

त्यानंतर तिला चैन पडेना. सुंदरीला विणताना कुणी पाहिलं नव्हतं, तरी तिच्याकडे रोज काही नवं दिसे आणि गल्लीतल्या बायका माडीचा जिना झिजवत. भवानीनं खाली बसून चांदण्यांचा रुमाल विणायला घेतला की वर तसलाच रुमाल पेटीतून निघे, अधिक तलम. ही वरून डोकावत असेल, दुसरं काय, असं भवानीनं ठरवून टाकलं. चोर पकडायचा तर खूण हवी.

मग तिनं खोलीचं दार लावून, खिडकी तेवढी उघडी ठेवून, कोलूची झालर विणायला घेतली. भरलेली घरं आणि रिकामी घरं मांडत तिनं हत्तींची रांग विणली, सोंडा उंच केलेली. त्यातल्या एका हत्तीला मुद्दाम शेपूट ठेवलं नाही. नक्कल करणारी बाई तेवढंच करते, समोर असेल ते चुकीसकट उचलते. झालर कुणालाही, नवऱ्यालाही, तिनं दाखवली नाही. शेवटची गाठ नेहमीसारखी त्या हत्तीच्या मागच्या पायात दडवली आणि ती वर गेली.

"कोलूसाठीं कांहीं काढलेंस का, सुंदरी?"

सुंदरीनं पेटी उघडली. कडुनिंबाच्या सुकल्या पाल्याचा वास आला. तिनं उलगडून धरली ती हत्तींची झालर होती. घड्यांवर पिवळी पडली होती, जुन्या पिवळेपणानं, जो चहाच्या पाण्यात बुडवून येत नाही. एका हत्तीला शेपूट नव्हतं.

"कधींची ही?" भवानीनं घडी बोटानं घासून पाहिली.

"लग्नाआधींची. हा एक बिचारा तसाच राहिला बघा," सुंदरी म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात कपट शोधून सापडलं नाही. तेच भवानीला सोसवेना.

मंडळाच्या अन्नपूर्णाबाई दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं फिरल्या, आधी माडी, मग खाली. भवानीची झालर हातात घेऊन त्यांनी हत्तींवरून बोट फिरवलं. बोट बिनशेपटीच्या हत्तीशी थांबलं.

"अय्यो, भवानी. चूकसुद्धां जशीच्या तशी उचललीस?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना कणव आली होती. "होतें गे असें. वयानें डोक्याला सुचेनासें होतें. यंदा सुंदरीचीच लावूं आपण. सरी?"

"सरी, तसेंच करूं," भवानी म्हणाली.

त्या संध्याकाळी सुंदरी देवळात निघाली आणि रोजच्यासारखी माडीची किल्ली भवानीकडे देऊन गेली. भवानी जिना चढली. मनात एकच होतं, की ती झालर पायऱ्यांवर लागता कामा नये. पेटी उघडली, हत्तींची रांग मांडीवर घेतली. शेवटची गाठ कुठे असेल ते तिला शोधावं लागलं नाही. मागच्या पायातच होती.

गाठ सुटली. तिनं दोरा ओढला.

टाके भराभर निघत होते आणि तिला गार वाटत होतं, उन्हातून येऊन पाय धुतल्यासारखं. एक हत्ती गेला, मग दुसरा. वळण आलं की सैल टाका आपण होऊन निसटे. हा आपलाच हात आपण उसवतोय, असं एकदा तिच्या मनात आलं. तरी ती थांबली नाही. सवयीनं दोऱ्याचा गुंडा मात्र नीट गुंडाळत गेली, तो पेटीत ठेवला, कुलूप घातलं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सकाळी राघोत्तमराव कापी पीत बसले होते. रेडिओवरची झालर सारखी करीत म्हणाले, "त्या सुंदरीनें आपलें घर भरून टाकलें. तूं तिला बदल्यांत कांहीं देतेस कीं नाहीं?"

भवानीला वाटलं, थट्टा. पण थट्टा करताना त्यांची एक भुवई वर जायची. आता ती जागेवर होती.

"हें मी केलेलें आहे," ती म्हणाली.

त्यांनी पेला खाली ठेवला. मग जपून म्हणाले, "बरें. तूं केलेंस."

दुपारी तिनं विणकामाची टोपली ओढली. तिची स्वतःची हत्तींची झालर तिच्यात नव्हती. सुई उचलली, पण बोटांना ती कशी धरायची ते सुचेना. दोरा तर्जनीवर घेतला तर घसरून गेला. पुन्हा घेतला, पुन्हा घसरला.

तिनं बोट उजेडात धरलं. चीर नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. सुंदरी आली आणि शेजारी मांडी घालून बसली. हातात गुंडा होता, उसवलेल्या कुरळ्या दोऱ्याचा.

"शिकायचें म्हणत होतां ना, अक्का? ह्यानेंच सुरू करूं. एकदां विणलेला दोरा नव्या हाताला सोपा जातो."

तिनं भवानीचं बोट धरून त्यावर दोरा घेतला. सुंदरीच्या डाव्या तर्जनीवर चीर होती, खोल, जुनी.

"ही साखळी. हा खांब. आतां वळा."

भवानी वळली. पहिला टाका सैल पडला.

मनगटाच्या वर बारीक चिमटा बसला.

"माझी आई असाच काढायची," सुंदरी म्हणाली. "तंजावरला, मागच्या अंगणांत, पारिजातकाखालीं." दोरा ओढून तिनं टाका घट्ट केला. "तुमची आई काय शिकवायची, अक्का?"

भवानी आठवू लागली.